नव्वद सेंटीमीटरची वाट : हॉलमधल्या रॅकच्या नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

आईच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. सोमवार, २४ नोव्हेंबर. पाच दिवस दवाखान्यात, मग घरी, आणि घरी आल्यावर काही आठवडे वॉकर. फिजिओथेरपीच्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "पलंगापासून संडासापर्यंतची वाट किती रुंद आहे?" मला सांगता आलं नाही. घरी येऊन टेप काढली.

आई हॉलमध्ये दिवाणावर झोपते. दिवाणाची कड आणि समोरचा अँगलचा रॅक यांच्यात अंतर ५२ सेंटीमीटर. वॉकर ५८ सेंटीमीटर रुंद. गेली कित्येक वर्षं आई या फटीतून एक हात रॅकच्या अँगलवर ठेवत, अंग आडवं करून जाते. आम्ही ते रोज बघत होतो.

रॅकची खोली ३८. तो गेला की ५२ अधिक ३८, नव्वद. दुसरा उपाय नाही. दिवाण सरकवायचा तर एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला शोकेस. कन्नमवार नगरातलं म्हाडाचं घर, हॉल दहा बाय अकरा. जिथे जे ठेवलंय तिथेच ते मावतं.

हातात तीन आठवडे. शनिवार-रविवार पूर्ण, बाकी दिवस ऑफिसातून आल्यावर जमेल तेवढं. ही वही त्यासाठीच.

रविवार, २ नोव्हेंबर

मोजणी. रॅकला सहा कप्पे, प्रत्येक ९० सेंटीमीटर, प्रत्येकात पुढे-मागे दोन रांगा. म्हणजे जवळजवळ ११ मीटर कागद. पिशवीत एक फूट रांग भरून ताणकाट्याला लावली, नऊ किलोच्या आसपास भरली. सगळा रॅक मिळून सव्वातीनशे किलो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जे जाईल ते जिन्यावरून आणि आमच्याच हातांनी.

पुस्तकं ६१८. दिवाळी अंक २८७. दिवाणाखालच्या खोक्यांत कॅसेटी १४३, व्हीसीडी ६१, डीव्हीडी ३८, तबकड्या ९, व्हिडिओ कॅसेटी ४. दिवाणाखालचं अडचणीचं नाही, पण पाय खाली सोडून बसताना टाच खोक्याला लागायला नको, म्हणून तेही काढायचं.

यातलं निम्म्याहून अधिक अण्णांचं. ते २०१६ साली गेले. गिरगावातल्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते, छपाईच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवायचे. फोर्टच्या फूटपाथवरून पुस्तकं आणायचे, पगाराच्या दिवशी दोन, बोनसला जरा जास्त. रॅकही त्यांनीच कुर्ल्याहून १९८४ साली आणला. त्यामुळे काय ठेवायचं, काय द्यायचं हे मी एकट्याने ठरवणार नाही. आई खुर्चीत बसेल, मी एकेक समोर धरीन.

एक गोष्ट आजच ठरवली. "ठेवू की टाकू" असं विचारलं की आई दर वेळी "ठेव" म्हणते आणि मीही. म्हणून प्रश्न बदलला, "हे आता कोण वाचेल?" उत्तरात माणूस किंवा ठिकाण आलं की ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिठ्ठीवर लिहायचं. आपल्याच घरातल्या कुणाचं नाव आलं तर ते राहतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमेची सुट्टी. वरचे दोन कप्पे, पुढची रांग. १०४ पुस्तकं झाली. ताई ठाण्याहून आली होती, तिने स्वतःच्या नावाची ३१ उचलली. तिची कॉलेजातलीच होती ती बरीचशी. लग्नानंतर इथेच राहून गेली.

बायकोने आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट रिकामं करून दिलं. तिच्या शिवणकामाचं सामान होतं तिथे. चार कप्पे, ९० सेंटीमीटरचे, म्हणजे ३.६ मीटर. तेवढ्यात मावेल तेवढंच घरात राहणार. माळ्यावर काही टाकायचं नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं आणि मला पटलं. पत्र्याजवळची ती जागा मे महिन्यात तापते, पावसाळ्यात ओलावते, आणि शिडी लावून पुस्तक काढायला कोणी जात नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मागची रांग. काळजीपूर्वक लिहितो, कारण मुंबईत ज्यांच्याकडे दुहेरी रांगा आहेत त्या सगळ्यांकडे असंच असणार.

पुढची रांग निघाल्यावर वास आला. भिंतीकडच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरट भुरी, खालच्या दोन कप्प्यांत जास्त. ही भिंत बाहेरची, पश्चिमेची, पावसाचा मारा तिच्यावर. पावसाळ्यात मुंबईची हवा ऐंशी टक्क्यांच्या वर दमट असते आणि बुरशीला साधारण सत्तर पुरेसे होतात. पुस्तक भिंतीला टेकलेलं, पुढे दुसरी रांग, मधे वारा खेळायला जागाच नाही. अण्णा दर वर्षी दिवाळीआधी रॅक काढून उन्हं दाखवायचे. ते गेल्यापासून ते कोणी केलं नाही. मी केलं नाही.

कसरही निघाली, चंदेरी, चपळ. तिने पुस्तकांच्या कण्यावरची खळ खाल्लेली. वाळवी मात्र नाही. भिंतीवर मातीच्या रेषा शोधल्या, टॉर्च मारून पाहिलं, नाही.

काय केलं ते असं. तोंडाला मास्क. भुरी आलेली पुस्तकं वेगळी काढून गच्चीत सावलीत उभी केली, पानं पंख्यासारखी उघडून. कडक उन्हात ठेवली नाहीत, जुना कागद उन्हात आणखी पिवळा आणि ठिसूळ होतो. भुरी पूर्ण सुकल्यावरच मऊ ब्रशने झटकली. ओली असताना पुसली तर ती कागदात मुरते. कसर लागलेल्यांपैकी जी ठेवायचीच होती ती प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून, तोंड चिकटवून फ्रीजरमध्ये. घरचा फ्रीजर उणे १८ पर्यंत जातो, तेवढ्या थंडीत दोन आठवडे ठेवलं तर अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी कागदावर धरतं. आमच्या फ्रीजरमध्ये एका वेळी पाच पुस्तकं मावतात, मटारांच्या शेजारी.

रविवार, ९ नोव्हेंबर

दिवाळी अंक.

मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा, काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'चा. हे मला अण्णांनी सांगितलं तेव्हा मी चौथीत होतो. त्यांच्या लेखी दिवाळी फराळाने सुरू व्हायची नाही, गणपती उठले की सुरू व्हायची. छापखान्यात अंकांचं काम तेव्हा यायचं आणि ते रात्री अकरा-अकराला घरी यायचे.

२८७ अंक ठेवणं शक्य नाही. आज सकाळी चहा पिताना मी आईला विचारलं, "यातले अण्णांनी जुळवलेले कोणते, तुला आठवतात का?" ती म्हणाली, "आठवायला कशाला हवं? मुद्रकाची ओळ बघ."

कायद्याने, आणि हा कायदा १८६७ चा, प्रत्येक छापील अंकावर मुद्रकाचं आणि छापखान्याचं नाव द्यावं लागे. कुठे शेवटच्या पानाच्या तळाशी, कुठे अनुक्रमणिकेखाली बारीक टाइपात. १९६८ ते १९९१ या काळातले सगळे अंक खाली काढले आणि ती एक ओळ वाचत गेलो. अण्णांच्या छापखान्याचं नाव ६४ अंकांवर निघालं. त्यातल्या ४१ अंकांवर त्या ओळीशेजारी पेन्सिलीची बारीक खूण होती, आणि खुणेजवळ आकडे. ४९–६४. ८१–९६. एकावर नुसतं "फर्मा ४".

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. एक फर्मा सोळा पानांचा. चौथा फर्मा म्हणजे पान ४९ ते ६४. अंक मोठा असला की तीन-चार कंपोझिटर मिळून करायचे आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही फर्मे यायचे. अण्णांनी स्वतःची पानं लिहून ठेवली होती. अंकात त्यांचं नाव कुठेच नाही. लेखकाचं आहे, चित्रकाराचं आहे, मुद्रकाचं आहे.

पान ४९ उघडलं. भिंग लावून पाहिलं. मुंबईच्या छापखान्यांत डिग्री टाइप वापरत. त्यात मधलं अक्षर वेगळं, वरची वेलांटी-मात्रा वेगळी, खालचा उकार वेगळा, असे तीन थर जुळवून एक ओळ उभी राहायची. एखाद्या मात्रेचा खिळा केसभर सरकला की ती शब्दावर तिरकी दिसते. या सोळा पानांत मला अशी एकच सापडली. पुढच्या फर्म्यात, जो दुसऱ्या कुणाचा होता, पाच. हे मी मुलगा म्हणून लिहीत नाही, मोजून लिहितो.

आई म्हणाली की गॅली प्रुफं, म्हणजे चुका तपासायला काढलेले छपाईचे कच्चे कागद, ते घरी आणत. ती मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायची, ते प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे. "स्वल्पविरामसुद्धा वाचावा लागे. 'ती उठली स्वल्पविराम आणि खिडकीपाशी गेली पूर्णविराम'. तू पाळण्यात असायचास, त्या आवाजाने झोपायचास." मला हे माहीत नव्हतं. पन्नास वर्षांचा झालो, एका हॉलमध्ये राहिलो, आणि माहीत नव्हतं.

४१ अंक ठेवायचे. आईने आणखी ९ निवडले, तिच्या पसंतीचे. बाकी २३७ जातील.

बुधवार, १२ नोव्हेंबर

एका सार्वजनिक वाचनालयात यादी घेऊन गेलो. ग्रंथपालबाईंनी यादी मागितली म्हणून बरं, मी पोती घेऊन जाणार होतो. त्यांचं म्हणणं रास्त होतं. जागा त्यांनाही कमी, आणि लोक घर रंगवायला काढलं की शाळेची पाठ्यपुस्तकं, फाटके गाइड आणि कसर लागलेली पोती दाराशी सोडून जातात. एक कसर लागलेलं पुस्तक आत गेलं की शेल्फच्या शेल्फ लागतं. मी भुरीचं आणि फ्रीजरचं सांगितलं तेव्हा त्यांनी यादी शांतपणे वाचली. ९६ पुस्तकं आणि ६० दिवाळी अंक घेऊ म्हणाल्या. कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं. कवितासंग्रह थोडे.

देणाऱ्यांनी एवढं करावं : यादी लेखक, नाव, साल अशी लिहावी, आधी फोन करावा, आणि "नको" म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नये.

शनिवार, १५ नोव्हेंबर

विश्वकोश. अण्णांनी पहिला खंड १९७६ मध्ये निघाला तेव्हाच घेतला होता. नंतर जमेल तसे. आमच्याकडे अकरा आहेत, एकूण खंड वीस. सगळे आता संकेतस्थळावर वाचता येतात, शोधताही येतात. लेकीने आईला मोबाइलवर 'मुद्रण' ही नोंद काढून दाखवली. आईने ती पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "मग खंड कुणाला तरी दे. हे जाड आहेत, पोरांना टेबलावर उघडून बसायला चांगले." जवळच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात. तिथे अकरा खंड आणि इतर ४७ पुस्तकं गेली. शब्दकोश मात्र राहिला. तोही ऑनलाइन मिळतो, पण आई शब्द शोधते तेव्हा शेजारचे चार शब्द वाचते. तिचा वेळ त्यात जातो.

'किशोर'चे माझे बांधीव अंक. १९७१ पासूनचे अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, तेव्हा हरवण्याची भीती नाही. कागदाचे अंक खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना दिले. संध्याकाळी जिन्यात बसून वाचत होती.

दुपारी टॅक्सीत पोती घालून माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या बागेजवळच्या पुस्तकवाल्यांकडे. ७४ पुस्तकं, बहुतेक इंग्रजी. पैसे टॅक्सीच्या भाड्याइतके आले. पुस्तकं मात्र कुणीतरी विकत घेऊन वाचेल अशा ठिकाणी गेली. अण्णांना हेच आवडलं असतं. २००५ मध्ये फोर्टचे बरेचसे पुस्तकवाले उठवले गेले तेव्हा ते दोन दिवस जेवताना नीट बोलले नव्हते.

रविवार, १६ नोव्हेंबर

इमारतीत जिन्याच्या तळाशी टेबल मांडलं. "हवं ते न्या." दिवसभरात ६३ पुस्तकं आणि ८५ दिवाळी अंक गेले. स्वयंपाकाचे आणि आरोग्याचे अंक दहाच्या आत संपले, ज्योतिषाचे त्याआधी.

उरलेलं रद्दीत. ८२ पुस्तकं : फुगलेली, वाळलेल्या भुरीची, जुनी गाइडं, कालबाह्य कायद्याची पुस्तकं, दोन जुने रेल्वे टाइमटेबल. आणि ९२ अंक. रद्दीवाला काटा घेऊन वर आला, साठ किलोच्या आसपास भरलं. वह्यांचा भाव वेगळा, पुठ्ठ्याचा वेगळा. बांधीव पुस्तकाचा पुठ्ठा फाडून बाजूला केला तर भाव चांगला मिळतो, तो म्हणाला. मी फाडून दिला नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चूक झाली.

आईने १९७९ चा एक अंक मागितला. मुखपृष्ठावर समई असलेला. तो यादीत आहे, छापखान्याचं नाव आहे, पण मुद्रकाच्या ओळीशेजारी खूण नव्हती, म्हणून मी त्याला त्या २३ अंकांमध्ये टाकलं होतं. आई म्हणाली, "त्या अंकाच्या शेवटच्या पानाला जागा नव्हती. खूण आतल्या मुखपृष्ठावर केली होती त्यांनी. पूर्ण अंक त्यांनी एकट्याने जुळवला होता, बाकीचे दोघे आजारी होते."

रद्दीवाल्याकडे धावलो. तो सज्जन माणूस, दुकानाच्या मागे नेऊन सगळे गठ्ठे दाखवले. आमचा गठ्ठा सोमवारी सकाळीच गोदामात गेला होता. त्याने फोन लावला. तिथून पुढे गेला होता.

मी आईला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "असू दे." मग बराच वेळ खिडकीकडे बघत बसली.

इथे लिहून ठेवतो, कारण रविवारी मी घाई केली. टेबलावर उरलेलं पाहिलं आणि संध्याकाळच्या आत संपवायचं म्हणून त्या २३ अंकांची आतली पानं उघडलीच नाहीत. आई दुपारी झोपली होती, तिला उठवलं नाही. यापुढे कॅसेट असो, सीडी असो, तिने हातात घेतल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. त्या २३ मधल्या टेबलावरून गेलेल्या अंकांसाठी इमारतीत घरोघरी विचारलं. नऊ बघायला मिळाले. दोनांवर आतल्या बाजूला खूण निघाली. ते दोन्ही परत मिळाले, बदल्यात यंदाचे अंक दिले. आता खुणेचे ४३.

शनिवार, २२ नोव्हेंबर

रॅक उतरवला. नट गंजलेले, तेल सोडून तासभर थांबावं लागलं. मागची भिंत रॅकच्या आकाराची हिरवट होती. खरवडून, सुकवून, बुरशीचं औषध मारून ठेवली आहे, रंग नंतर. अँगल भंगारवाल्याने नेले.

आतल्या कपाटात २१४ पुस्तकं आणि ५२ अंक बसले. एकेरी रांग, भिंतीपासून चार बोटं पुढे, प्रत्येक कप्प्यात थोडी जागा मोकळी.

टेप लावली. ९०. लेक दिवाणापासून मोरीपर्यंत हात पसरून चालून आली.

रविवार, ३० नोव्हेंबर

आई काल घरी आली. दोन शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून वर आणली. ऑपरेशन चांगलं झालं. वॉकर वाटेत सरळ जातो, दोन्ही बाजूंना सोळा-सोळा सेंटीमीटर जागा उरते.

एक गोष्ट दिसली. वॉकर धरून जातानाही तिचा डावा हात मधेच सुटतो आणि भिंतीकडे जातो, जिथे अँगल होता तिथे. एकेचाळीस वर्षांची सवय. हात हवेत जातो आणि ती दचकते.

बुधवार, ३ डिसेंबर

कॅसेटी. १४३ पैकी ११२ विकतच्या : नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं, हिंदी सिनेमे. यातलं बहुतेक मोबाइलवर मिळतं. आईने एकेक हातात घेऊन पाहिली आणि ९८ द्यायला हरकत नाही म्हणाली. ३१ मात्र घरी रेकॉर्ड केलेल्या, त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. वेळ द्यायचा तो यांना.

टू-इन-वनचा पट्टा रबर वितळून चिकट झालेला. लॅमिंग्टन रोडला तसाच पट्टा मिळाला, आणि संगणकाला आवाज द्यायचं लहान यूएसबी यंत्र. हेड स्पिरिटने पुसलं, रबरी रोलरही. पुसताना कापूस काळा झाला.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी क्रम. आधी कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडा बघा, पांढरी भुकटी असेल तर ती चालवू नका, ती बुरशी आहे आणि हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. आमच्या सहा तशा निघाल्या, त्या बाजूला. वरच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या मोडलेल्या नसतील तर मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, मगच वाजवा. आतला फेल्टचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज विझल्यासारखा येतो. स्क्रूची कॅसेट उघडून तो दुसऱ्या रद्द कॅसेटमधला बसवता येतो. संगणकावर ऑडॅसिटी, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट. तासाला सुमारे ६०० एमबी लागतात. आवाज लाल रेषेला लागू देऊ नका, फाटला की दुरुस्त होत नाही. आणि घाईचा मार्ग नाही : साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते.

रविवार, ७ डिसेंबर

काल शिवाजी पार्कला गेलो होतो. ६ डिसेंबरला मी दर वर्षी जातो. चैत्यभूमीची रांग, आणि मैदानावर पुस्तकांचे स्टॉल. गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं भाकरीच्या पिशवीत पुस्तकं भरून नेतात. मी दोन घेतली. कपाटात त्यांच्यासाठी जागा आहे, मोजून ठेवली होती.

आज दुपारी कॅसेट क्रमांक ७. वर आईच्या अक्षरात "मं. गौर १९८९". आमच्याच गच्चीवर रेकॉर्ड केलेली. झिम्मा, फुगडी, पिंगा, मधे उखाणे. आई उशीला टेकून बसली होती. सुरुवातीला फक्त टाळ्या आणि बांगड्या. मग एकेक आवाज येऊ लागला तशी ती सांगत गेली. ही तळमजल्यावरच्या काकू, आता बदलापूरला. ही शेवटच्या खोलीतली वहिनी, गावी गेली, तिचं गाणं पुढे कुणाला येत नाही. एका ठिकाणी तिने हात वर केला, "थांबव. इथे ती ओळ चुकली. मी तेव्हाच म्हटलं होतं." मी मागे फिरवलं. टेपमध्ये खरोखर आईचा आवाज येतो, तरुण, "अगं चुकलं." आणि सगळ्या हसतात.

तिने सांगितलेली नावं मी फाइलच्या जोडीला लिहून ठेवली, मिनिट आणि सेकंदासह. नऊजणींपैकी पाचजणींच्या घरचे फोन मिळाले. त्यांना पाठवली.

रविवार, १४ डिसेंबर

सीडी-डीव्हीडी. लवकर उरकलं. व्हीसीडी संगणकात घातली की आत डॅटच्या फाइली दिसतात, त्या सरळ उतरवून घेतल्या तर चालतात. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी अकरा होत्या, त्यातल्या तीन वाचल्याच गेल्या नाहीत. त्यांचा रंगाचा थर विटलेला. बाकीच्या दोन ठिकाणी उतरवल्या : घरच्या डिस्कवर आणि ताईकडच्या. सीडीचं पॉलिकार्बोनेट रद्दीवाला घेत नाही. पिशवी भरून ई-कचऱ्याच्या संकलनाची वाट बघत ठेवली आहे.

व्हिडिओ कॅसेटी चार. एका दुकानात दिल्या होत्या, तीन नीट आल्या. ताईच्या लग्नाची फीत त्यांच्या मशीनमध्ये तुटली. सप्तपदीनंतरचं आहे, आधीचं नाही. ताईला सांगितलं, ती रडली थोडी. तबकड्यांपैकी दोन ठेवल्या, सात चोरबाजारात मटण स्ट्रीटला दिल्या.

रविवार, २१ डिसेंबर

कॅसेटी १९ झाल्या, १२ बाकी, त्यात बुरशीच्या सहा. त्यांच्यासाठी वेगळं जुनं मशीन बघतोय.

आईचं वॉकर आता दिवसातून थोडा वेळ सुटतं. डावा हात अजून भिंतीकडे जातो. फिजिओच्या बाई म्हणाल्या, हात जातो तर तिथे काहीतरी असू द्या. आज स्टीलची दांडी आणली. अँगलवर ती जिथे हात टेकायची ती जागा तिलाच दाखवायला सांगितली. तिने न बघता हात टेकला. खूण केली, जमिनीपासून ८४ सेंटीमीटर. ड्रिलने चार भोकं, फास्टनर, दांडी घट्ट. मी स्वतः लोंबकळून पाहिलं.

दांडी भिंतीपासून ६ सेंटीमीटर पुढे येते. वाट आता ८४. आई दोनदा जाऊन आली. मग म्हणाली, १९८३ चा अंक काढ, फर्मा दोन, आणि चष्मा दे.